अकरा नजरा

अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा होता आणि त्यात दत्ताजीराव इंगवले हे नाव एकदाही आलं नव्हतं. जिथे ते यायला हवं होतं तिथे ‘तत्कालीन प्रशिक्षक’ असं छापलेलं होतं. वैजयंतानं पहिल्याच वाचनात ते मोजलं. एकसष्ट वेळा.

“तुम्ही फक्त आकडे तपासायचे,” प्राचार्य मगदूम म्हणाले, “आणि शेवटच्या पानावर सही करायची. बुधवारी समिती बसतेय.”

“संख्याशास्त्राला माझ्या हाताखाली तिघं आहेत सर. मीच का?”

मगदुमांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे शंतनू बिडकर बसले होते. फुटबॉल संघाची नव्यानं उभारणी करायला कॉलेजनं त्यांना महिन्यापूर्वी पुण्याहून आणलं होतं. ते सरळ म्हणाले, “कारण इंगवले सरांच्या मुलीची सही असली की गाव गप्प बसेल. मी आडपडदा ठेवत नाही.”

“तेवढा एक गुण आहे तुमच्यात,” वैजयंता म्हणाली आणि अहवाल उचलून बाहेर पडली.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. ज्या तालमीत आजोबांनी कुस्तीसाठी जोर मारले, तिच्याच नावाचा शर्ट घालून नातू मैदानात उतरतो आणि समोरच्या पेठेच्या पोराला आडवा करतो. २०४१ सालीही यात काही बदल झालेला नव्हता. खंदक तालीम आणि निशाण तालीम यांची पोरं रविवारी एकमेकांच्या नडग्या फोडायची आणि सोमवारी पद्माळा कॉलेजच्या एकाच संघातून खेळायची. एकमेकांना पास द्यायची वेळ आली की मात्र त्यांचे पाय जड व्हायचे. दत्ताजीरावांनी बावीस वर्षं ते जडपण काढायचं काम केलं. पोरं त्यांना वस्ताद म्हणत. संघानं लागोपाठ तीन वर्षं विद्यापीठाचा करंडक आणला.

मग शेवटचा हंगाम आला. चौदा मॅचेस, त्यांतल्या अकरा हरलेल्या. चौदाव्या, शेवटच्या मॅचला सत्तराव्या मिनिटाला एक साधा चेंडू गोलरक्षक रणधीर सासनेच्या हातापासून दोन फुटांवरून आत गेला. तो हललासुद्धा नाही. टीव्हीवर पुढचं दृश्य दत्ताजीरावांचं होतं, मैदानाच्या कडेला खाली बसलेल्या, छातीवर हात दाबलेल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले.

गाव म्हणालं, पोरांनी मॅच सोडली आणि म्हाताऱ्याचा जीव घेतला. वैजयंताचंही मत तेच होतं. तेराव्याला संघातली पोरं दारात आली तेव्हा तिनं त्यांना ‘या’ म्हटलं नव्हतं. पोरं अर्धा तास फाटकाशी उभी राहिली आणि परत गेली.

*

यंत्राचं नाव अहवालात काहीतरी लांबलचक होतं. पोरं त्याला नजरपट्टी म्हणत. कपाळावर बांधायची दोन बोटं रुंदीची पट्टी. तिच्या खालच्या काठावरचे दोन बारीक दिवे डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकतात. तो डोळ्याला दिसत नाही, पण बुबुळावरून परत येतो, आणि पट्टीतला कॅमेरा सेकंदाला दोनशे वेळा नोंद करतो की डोळा कुठे वळला आहे. शर्टातल्या चकतीवरून खेळाडू कुठे उभा आहे ते कळतं. दोन्ही नोंदी जुळवल्या की मैदानाच्या नकाशावर प्रत्येक खेळाडूची नजर एका रेघेसारखी काढता येते.

याचा उपयोग काय, हे बिडकरांनी चांगलं लिहिलं होतं. तेवढं तिला कबूल करावं लागलं. चेंडू पायाशी येण्याआधी चांगला खेळाडू दोन-तीनदा मान वळवून पाहतो आणि तेवढ्यात पुढचा पास ठरवतो. नजर भलतीकडे गेली तर ती जाऊन परत यायला साधारण तीन दशांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात धावता बचावपटू दोन मीटर पुढे येतो. दोन मीटर म्हणजे पास अडला. संघ का हरतो याचं उत्तर पुष्कळदा पायांत नसतं, वाया गेलेल्या नजरेत असतं.

पद्माळा कॉलेजच्या वाया गेलेल्या नजरा एकाच ठिकाणी जात होत्या. मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेघेवर, तत्कालीन प्रशिक्षकाकडे. इतर संघांत खेळाडू मॅचमध्ये सरासरी चार वेळा प्रशिक्षकाकडे बघतो. इथे तेवीस वेळा. एकट्या सासनेची नजर एका मॅचमध्ये एकसष्ट वेळा गेली होती.

अहवालाचा निष्कर्ष असा होता: प्रशिक्षकाच्या धाकामुळे खेळाडूंची स्वतंत्र निर्णयक्षमता नष्ट झाली आहे. ही सवय सुटण्याजोगी नाही. सबब चौदाही जुन्या खेळाडूंची क्रीडा-प्रवेशाची जागा काढून घ्यावी, तालमींशी संबंध नसलेली मुलं बाहेरून आणावीत आणि संघ मुळापासून उभा करावा.

वैजयंतानं आकडे तीन दिवस तपासले. ते खोटे निघावेत अशी तिची फार इच्छा होती. ते बरोबर होते.

एकच गोष्ट तिला खटकली. हुकमाची वाट बघणारी नजर थांबते. हाताची खूण वाचायची, ओठ वाचायचे, तर डोळा निदान अर्धा सेकंद तिथे टिकायला हवा. या नजरा सेकंदाचा सातवा हिस्सा टिकत होत्या. एवढ्याशा वेळात खूण कळत नाही. कळून कळून एवढंच कळतं की माणूस उभा आहे की बसला आहे.

वस्ताद मॅचमध्ये कधी बसत नसत. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नव्वद मिनिटं ते चपला काढून चुन्याच्या रेघेवर उभे राहत. मैदानाचा ओलावा पायाला कळल्याशिवाय खेळ कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावरून वैजयंता त्यांना लहानपणापासून बोलायची. मैदान तिला आवडत नसे. आई आजारी असतानाही आबा तिथेच असायचे, आणि हिनं त्यांची एकही मॅच पाहिली नव्हती.

तिनं हंगाम उलटा उलगडला. पहिल्या दोन मॅचेसमध्ये आकडा चार होता, सगळ्यांसारखा. तिसऱ्या मॅचपासून तेवीस. मधे फक्त सराव होता. सरावाच्या नोंदींपैकी एक दिवस अहवालात ‘अपूर्ण’ म्हणून गाळला होता. नऊ नोव्हेंबर.

तिनं तो दिवस उघडला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत नजरा मैदानभर पसरलेल्या होत्या. मग चौदाही रेघा एका बिंदूवर आल्या आणि डोळे खाली वळले, जमिनीवर पडलेली वस्तू बघावी तसे. सहा मिनिटं कुणी दुसरीकडे पाहिलं नाही. त्यानंतर चौदाही पट्ट्यांची नोंद एकदम थांबली. पोरांनी पट्ट्या काढून ठेवल्या होत्या.

नऊ नोव्हेंबरला आबा घरी आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत माती होती. “घसरलो गं,” ते म्हणाले होते. तिनं शर्ट भिजत घालता घालता त्यांना चांगलं झापलं होतं. या वयात अनवाणी कशाला, म्हणून.

शेवटी तिनं चौदावी मॅच उघडली. तिला ती उघडायची नव्हती. सत्तरावं मिनिट. चुन्याच्या रेघेवरचा बिंदू, आबांच्या खिशातल्या चकतीचा, खाली गेला. पाऊण सेकंदात सासनेची नजर तिकडे वळली आणि वळलेलीच राहिली. मग कप्तान रेहान मुल्लाणीची. मग एकेक करून सगळ्यांची. अकरा नजरा एका जागी होत्या, आणि चेंडू कुणी न बघता गोलात गेला. मधे चार सेकंद.

गोल झाला म्हणून आबा बसले नव्हते. ते बसले म्हणून गोल झाला होता.

तिनं पडदा बंद केला. रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधीच्यापेक्षा जास्त आला. म्हणजे पोरांना माहीत होतं. पावणेतीन महिने माहीत होतं.

*

निशाण तालमीत सकाळी रेहान आणि रणधीर दोघंही सापडले. खंदकचा रणधीर निशाणच्या दारात हे एरवी गावात कुणाला खरं वाटलं नसतं. आखाड्याच्या कडेला बसून ते बुटांचे खिळे साफ करत होते. तिला बघून उठले.

“आक्का, बसा की,” रेहान म्हणाला.

“बसायला आले नाही मी. नऊ नोव्हेंबरला काय झालं?”

रणधीरनं हातातला बूट खाली ठेवला.

“बुधवारी तुम्हाला काढून टाकणार आहेत. कारण विचारतील. मैदानाबाहेर का बघत होतात सांगा म्हणतील. तेव्हाही असेच मुके उभे राहणार?”

“व्हय,” रणधीर म्हणाला.

“का?”

“मातीवर हात ठेवलाय.”

तिनं आखाड्याकडे पाहिलं. ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली लाल माती. या मातीवर हात ठेवून दिलेला शब्द पोरं मोडत नाहीत हे तिला माहीत होतं. तिच्या बापानंच त्यांना ते शिकवलं होतं.

“ज्याला शब्द दिलात तो माणूस गेला. आता कुणासाठी पाळताय?”

“शब्द माणसाला न्हाई दिल्याला आक्का,” रेहान हळू म्हणाला. “मातीला दिलाय. ती हाय की हितंच.”

“फार शहाणा आहेस. ते मैदानात पडले होते. चौदा जणांनी पाहिलं. मी त्याच कॉलेजात, शंभर पावलांवर शिकवत होते. एकाला वाटलं नाही, त्यांच्या मुलीला सांगावं?”

रेहानची मान खाली गेली. रणधीरची मात्र वर आली. त्याचे डोळे लाल झाले होते.

“काय केलं असतंसा तुमी? घरात कोंडून ठेवलं असतंसा. चौदा मॅचेस हुभा ऱ्हायला माणूस. तुमच्या घरात एक दीस तरी तसा हुभा हुता काय?”

“रण्या, गप,” रेहान म्हणाला.

“चौदा मॅचेस,” वैजयंता म्हणाली. “साधी तपासणी झाली असती तर चौदा वर्षं मिळाली असती. त्यांनाही आणि मलाही. तुम्ही माझ्या वर्षांशी खेळलात. लक्षात ठेवा.”

ती निघाली. तिला हवं ते कळलं होतं, आणि रणधीरचं वाक्य खोटं नव्हतं हेही कळलं होतं. तिनं त्यांना खरंच कोंडून ठेवलं असतं. आबांना ते पक्कं ठाऊक होतं. चौदा परक्या पोरांना त्यांनी आपलं मरण सांगितलं होतं, आणि तिला मळका शर्ट धुवायला दिला होता.

*

बुधवारपर्यंत तिचं ठरलं. समितीसमोर सगळं मांडायचं. आबांच्या नावावरचा धाकाचा डाग त्यानं पुसला जाणार होता. पोरांचं काय होईल तेही तिला माहीत होतं. कॉलेजच्या क्रीडा नियमांत एक कलम होतं. मैदानावर कुणीही कोसळलं तर पाहणाऱ्या प्रत्येकानं चोवीस तासांत कॉलेजला कळवायचं, आणि लपवलं तर प्रवेश रद्द. बिडकरांच्या अहवालानं पोरं गेली असती ती या कलमानं जातील. जाऊ देत.

समितीच्या खोलीत मगदूम, बिडकर आणि संस्थेचे तीन सदस्य होते. भिंतीला लागून रेहान आणि रणधीर उभे होते.

“एकदाच विचारतो,” बिडकर पोरांना म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. “मला तुम्हाला काढण्यात आनंद नाही. तेवीस वेळा तुम्ही तिकडे का बघत होता? दुसरं काही कारण असेल तर सांगा, मी निष्कर्ष बदलतो.”

“काय न्हाई सर,” रेहान म्हणाला.

“जागा जाईल. हॉस्टेल जाईल. विद्यापीठात पुन्हा खेळता येणार नाही.”

“व्हय सर.”

“सासने?”

“काय न्हाई.”

मगदुमांनी हात उडवले. “बघा. ही यांची मग्रुरी. इंगवले मॅडम, तुमचं तपासून झालं?”

वैजयंता उठली. तिनं पडद्यावर तिन्ही आलेख लावले आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. सातव्या हिश्श्याच्या नजरा. नऊ नोव्हेंबरची सहा मिनिटं. मग चौदावी मॅच, आधी खाली गेलेला बिंदू आणि चार सेकंदांनी गोल. एक सदस्य चष्मा काढून पुसत बसले.

“म्हणजे सर मैदानावर पडले होते,” मगदूम म्हणाले. “आणि ही पोरं... यांनी लपवलं?”

आता तिनं ‘हो’ म्हणायचं होतं. शेवटच्या आलेखावर अकरा रेघा अजून तशाच दिसत होत्या. तिनं टेबलाच्या कडेला हात टेकला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तेवढ्यात तिला जाणवलं की भिंतीशी काहीतरी हललं. रेहाननं तिच्याकडे पाहिलं होतं. एवढंसं, सेकंदाचा सातवा हिस्सा असेल. मग त्यानं पायानं शेजारची खुर्ची तिच्या दिशेला सरकवली आणि पुन्हा समोर बघत उभा राहिला.

“नाही,” ती म्हणाली. “लपवलं नाही. त्याच दिवशी येऊन मला सांगितलं.”

रणधीरची मान झटकन वळली.

“मी या कॉलेजची कर्मचारी आहे. मला कळवलं म्हणजे कॉलेजला कळवलं. त्यांची जबाबदारी तिथे संपली. पुढे मी कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. वडिलांवर लक्ष ठेवा, असं मीच त्यांना बजावलं होतं. पोरं लक्ष ठेवत होती. त्या तेवीस नजरा माझ्या खात्यावर टाका.”

“तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही त्यांना मैदानात जाऊ दिलंत?” मगदुमांचा स्वर बदलला होता.

“हो.”

“पोरांनो, हे खरं आहे?”

दोघं गप्प राहिले. काही न बोलण्याचा शब्द त्यांनी दिलेलाच होता.

निर्णय अर्ध्या तासात झाला. पोरांची जागा एका हंगामापुरती राहिली. बिडकर प्रशिक्षक झाले. वैजयंताला लेखी ठपका मिळाला आणि तिचं विभागप्रमुखपद काढून घेतलं गेलं.

जिन्यात बिडकरांनी तिला गाठलं. “मॅडम, चौदा मॅचेसच्या प्रवेशाच्या नोंदी माझ्याकडे आहेत. तुम्ही एकाही मॅचला नव्हतात. वडिलांचं माहीत असलेली मुलगी एकदा तरी आली असती.”

“मग सांगा जाऊन.”

“नाही सांगणार. पण आकड्याला माणसानं फसवलेलं मला आवडत नाही.”

“मलाही आवडत नाही. माझं तेच काम आहे.”

फाटकाशी रेहान उभा होता. त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “माझ्या घरी यायचं नाही. फोन करायचा नाही. हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही.”

“व्हय आक्का.”

*

गावात बातमी पोचायला संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी आत्या आली. दत्ताजीरावांची धाकटी बहीण, सत्तरीची. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

“तुला ठावं हुतं, वैजू?”

वैजयंताला तिला खरं सांगता आलं असतं. आत्यानं ते सांजेपर्यंत चार घरी सांगितलं असतं.

“हो.”

“माझा भाऊ,” आत्या म्हणाली. ती वळली आणि काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. त्यानंतर ती आली नाही.

पोरंही आली नाहीत. त्यांनी शब्द पाळला.

नवा हंगाम ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या मैदानावर सुरू झाला. आकडे तपासायचं काम अजून तिच्याकडेच होतं. ठपका मिळाला तरी बिडकरांना दुसरं कुणी तेवढं काटेकोर मिळालं नव्हतं. पहिल्या मॅचला ती गेली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. पूर्वेच्या गॅलरीत सातव्या रांगेत, खांबाशेजारी बसली. पद्माळा कॉलेज दोन गोलांनी हरलं. बिडकर सगळा वेळ बाकावर बसून होते. चुन्याची रेघ मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं विभागात नोंदी उघडल्या. रेघेकडच्या नजरा शून्य असणार हे तिला माहीत होतं. तिथे आता बघायला कुणी नव्हतं. त्या शून्यच होत्या. खेळाडू मोकळे झाले, असा शेरा बिडकरांनी आधीच लिहून ठेवला होता.

तरीही वाया गेलेल्या नजरांची बेरीज कमी झाली नव्हती. सरासरी बावीस. तिनं नकाशा मैदानाबाहेर वाढवला. रेघा रेघेवरून, बाकांवरून, कुंपणावरून पुढे गेल्या आणि पूर्वेच्या गॅलरीत एका जागी मिळाल्या. सातवी रांग, खांबाशेजारी. सासने अठ्ठावन्न. प्रत्येक नजर सेकंदाचा सातवा हिस्सा.

मग तिनं नोंदवहीतून रेहानचा नंबर काढला. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

“मी बरी आहे,” ती म्हणाली. “तपासणी करून घेतली आहे, हृदय ठणठणीत आहे. त्या सासनेलाही सांग.”

“व्हय आक्का,” रेहान म्हणाला.

“रविवारी मी तिथेच बसणार आहे. तुम्ही बॉलकडं बघायचं.”

आणि तिनं फोन ठेवला.